गावाचा ऊर्जा आराखडा : आधी मोजणी, मग दुरुस्ती, पॅनल शेवटी

ग्रामसभेत गावाच्या ऊर्जेचा विषय निघाला की चर्चा बहुधा थेट सौर पॅनलवर जाते, कारण पॅनल डोळ्यांना दिसतात, त्यांच्यासाठी योजना असतात आणि त्यांचे उद्घाटन करता येते. नळपाणी योजनेच्या विहिरीवरचा जुना, अनेकदा रिवाइंड केलेला (जळालेल्या मोटारीची तार पुन्हा गुंडाळलेला) पंप गरजेच्या दुप्पट वीज खात असतो, ही गोष्ट मात्र कोणाच्या नजरेस येत नाही. ती फक्त बिलात उमटते आणि ते बिल भरून फाइलला लागते. एखाद्या गावाने ऊर्जा कार्यक्षमतेचा आराखडा करायचा तर तो कोणत्या क्रमाने करावा आणि त्या क्रमाला इतके महत्त्व का आहे, हे समजावून सांगण्यासाठी हा लेख आहे. माझे ठाम मत असे आहे की हा क्रम चुकला तर महागडी साधने बसवूनही गावाचा खर्च फारसा कमी होत नाही, आणि क्रम बरोबर असेल तर पहिल्या वर्षीची बचत दुसऱ्या वर्षीच्या कामाचा मोठा भार उचलू शकते.

कार्यक्षमता म्हणजे तेवढाच उजेड, तेवढेच पाणी आणि तेवढाच वारा कमी ऊर्जेत मिळवणे. हे सुरुवातीलाच सांगावे लागते, कारण महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने भारनियमनाची अनेक वर्षे सोसलेली आहेत आणि ‘वीज वाचवा’ हे शब्द ऐकले की लोकांना अंधारच आठवतो. चांगल्या आराखड्यात कोणाच्याही सोयीत कपात होत नाही. उलट ज्या वस्तीवर आजवर खांबच पोहोचलेला नाही तिथे दिवा लावणे हादेखील त्याच आराखड्याचा भाग असतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत रुजवली. यंदा पाऊस किती झाला, पाणी किती मुरले, पिण्यासाठी किती राखायचे आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिके घ्यायची हे तिथे ग्रामसभेत आकड्यांनिशी ठरते. विजेचा ताळेबंद याच पद्धतीने मांडता येतो, आणि एका अर्थाने तो पाण्याच्या ताळेबंदापेक्षा सोपा आहे, कारण मोजणी करणारी मीटरे आधीच बसलेली असतात.

पुढचे हिशेब समजावेत म्हणून २,००० लोकवस्तीचे आणि ४०० घरांचे एक नमुना गाव धरू. त्याचे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. प्रत्येक गावाने त्यांच्या जागी स्वतःचे आकडे घालायचे आहेत.

सुरुवात बिलांपासून

पहिले काम म्हणजे ग्रामपंचायतीच्या नावावर असलेल्या प्रत्येक वीजजोडणीची गेल्या १२ महिन्यांची बिले एकत्र करणे. पाणीपुरवठा, पथदिवे, ग्रामपंचायत कार्यालय, शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर, व्यायामशाळा अशा जोडण्यांची यादी करताना बहुतेक ठिकाणी एखादी विसरलेली जोडणी सापडते. आटलेल्या विंधन विहिरीचा पंप बंद पडलेला असतो, पण त्याचा स्थिर आकार, म्हणजे वापर शून्य असला तरी लागणारी ठरावीक रक्कम, दरमहा लागतच असतो. काही ठिकाणी मंजूर भार, म्हणजे जोडणीसाठी मंजूर करून घेतलेली वीजक्षमता, प्रत्यक्ष वापराहून बराच जास्त असतो. या त्रुटी शोधायला यंत्र लागत नाही आणि दूर करायला बहुधा एक अर्ज पुरतो.

बिलावरची एक नोंद नीट पाहिली पाहिजे, ती म्हणजे मागील आणि चालू रीडिंग. मीटर नादुरुस्त असेल किंवा रीडिंग घेतले गेले नसेल तर बिल सरासरीवर येते, आणि सरासरीच्या बिलावरून गावाचा खरा वापर कळत नाही. अशा जोडणीचे मीटर बदलून घेणे हे आराखड्यातले पहिले काम ठरते, मग त्यातून एक रुपयाही वाचो न वाचो, कारण त्यानंतरच्या प्रत्येक निर्णयाचा आधार तेच मीटर असणार आहे. थकबाकी आणि तिच्यावरचे व्याजही बिलाच्या एकूण रकमेत मिसळलेले असते, म्हणून तुलना नेहमी रुपयांची न करता युनिटांची करावी. एक युनिट म्हणजे १,००० वॅटचे साधन एक तास चालल्यावर लागणारी वीज. दर बदलतात, आकार बदलतात, युनिट तेच राहते.

बारा महिन्यांचे युनिट एका तक्त्यावर मांडले की गावाचे चित्र दिसू लागते. नमुना गावात वर्षभरात पाणीपुरवठ्याला सुमारे २२,००० युनिट आणि १०० पथदिव्यांना २१,००० युनिट लागतात असे धरू. ४०० घरांचा वापर याच्या कितीतरी पट असेल. शेतीपंपांचा वापर त्याहूनही मोठा असतो: ५ एचपीचे (अश्वशक्तीचे) १५० पंप वर्षाला १,००० तास चालतात असे मानले तर तो आकडा साडेपाच लाख युनिटांवर जातो.

इथे एक गोष्ट लक्षात येते, आणि माझ्या मते साऱ्या नियोजनाची किल्ली तीच आहे. जिथे वीज सर्वांत जास्त लागते तिथे गावाचा अधिकार सर्वांत कमी चालतो. शेतीपंपाचा निर्णय शेतकऱ्याचा असतो, घरातल्या पंख्याचा निर्णय त्या घराचा असतो. पाणीपुरवठा आणि पथदिवे यांच्या बाबतीत मात्र बिल भरणारा, निर्णय घेणारा आणि बचतीचा लाभ घेणारा एकच आहे, तो म्हणजे गाव. म्हणून आकड्याने लहान असल्या तरी या दोन गोष्टी आधी हाती घ्याव्यात. त्यातून पैसा सुटतो, आणि त्याहून मोलाचे म्हणजे लोकांना स्वतःच्या गावात घडलेले उदाहरण दिसते.

पाण्याचा पंप तपासण्याची साधी रीत

पंप किती कार्यक्षम आहे हे शोधण्यासाठी मोठा अभियंताच हवा असे नाही. एक टाकी, एक मोजपट्टी, एक घड्याळ आणि विजेचे मीटर एवढ्यावर पहिला अंदाज येतो. टाकीचा खाली सोडणारा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करावा, पंप सुरू करताना मीटरचे रीडिंग लिहून घ्यावे, टाकी भरेपर्यंत लागलेला वेळ मोजावा आणि पंप बंद करताना पुन्हा रीडिंग घ्यावे. त्याच वेळी विहिरीतली पाण्याची पातळी जमिनीपासून किती खोल आहे ते दोरीने मोजावे, आणि ही मोजणी पंप चालू असतानाच करावी, कारण उपसा सुरू झाला की पातळी खाली जाते. त्या पातळीपासून टाकीच्या तोंडापर्यंतची एकूण उंची आणि पाइपातील घर्षणासाठी धरायची जादा उंची मिळून जी बेरीज होते तिला अभियंते ‘हेड’ म्हणतात.

आता हिशेब करू. निसर्गनियमाने, कोणतेही नुकसान न होता, एका युनिट विजेत सुमारे ३६७ घनमीटर, म्हणजे ३ लाख ६७ हजार लिटर पाणी एक मीटर उंच चढते. नमुना गावाची टाकी ५० हजार लिटरची, म्हणजे ५० घनमीटरची आहे आणि एकूण हेड ६० मीटर आहे. ५० गुणिले ६० भागिले ३६७ म्हणजे साधारण ८ युनिट. एवढी वीज तर लागणारच. प्रत्यक्षात मीटरवर २७ युनिट पडले असतील तर मोटार आणि पंप मिळून कार्यक्षमता केवळ ३० टक्के आहे. उरलेली ७० टक्के वीज मोटारीच्या उष्णतेत, झिजलेल्या इंपेलरमध्ये (पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकात) आणि चुकीच्या निवडीत गेली. योग्य निवडलेला व सुस्थितीतला संच ५५ टक्क्यांच्या आसपास चालू शकतो.

जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे. त्या हिशेबाने २,००० लोकांना रोज १ लाख १० हजार लिटर पाणी लागेल. ३० टक्के कार्यक्षमतेच्या संचाला त्यासाठी रोज ६० युनिट लागतात, ५५ टक्क्यांच्या संचाला ३३ युनिट पुरतात. वर्षाला जवळजवळ १०,००० युनिटांचा फरक पडतो. युनिटला ७ रुपये धरले तर ही रक्कम ७० हजार रुपये होते, आणि नव्या संचाला बसवण्यासकट दीड लाख रुपये लागले तरी तो पैसा दोन-सव्वादोन वर्षांत परत येतो.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट उघड होते. हे पाणी आठ तासांत उपसायचे तर साडेपाच एचपीच्या आसपासची मोटार पुरते, पण गावात १० एचपीची मोटार बसलेली असते. पंप निवडताना ‘थोडा मोठाच घेऊ, कमी पडायला नको’ असा विचार होतो. हेतू चांगला असतो, पण पंपाची कार्यक्षमता एका ठरावीक प्रवाहाला आणि ठरावीक हेडलाच सर्वोत्तम असते. त्या बिंदूपासून दूर चालणारा मोठा पंप वीज जास्त खातो आणि लवकर झिजतोही. खरेदीच्या वेळी केवळ एचपी आणि किंमत न पाहता उत्पादकाने दिलेल्या आलेखावर आपले हेड आणि प्रवाह कुठे बसतात ते पाहणे आवश्यक आहे, आणि निविदेत ती अट लिहिणे त्याहून आवश्यक आहे.

पंप बदलण्याआधी मात्र तीन गोष्टी तपासल्या पाहिजेत. पहिली म्हणजे गळती. रात्री सर्वांचे नळ बंद झाल्यावर टाकीची पातळी मोजून ठेवावी आणि पहाटे पुन्हा मोजावी. पातळी जेवढी उतरली तेवढे पाणी जमिनीत गेले. वितरणात ३० टक्के पाणी गळत असेल तर १०० लिटर घरी पोहोचवण्यासाठी सुमारे १४३ लिटर वर चढवावे लागते, आणि त्या ४३ लिटरांची वीज गाव भरत राहते. गळतीसहित मोजलेल्या गरजेवर नवा पंप निवडला तर तो पुन्हा गरजेपेक्षा मोठाच ठरेल.

दुसरी गोष्ट पाइपाची. त्याच प्रवाहासाठी पाइपाचा व्यास निम्मा केला तर घर्षण सुमारे ३२ पट वाढते. म्हणून विहिरीपासून टाकीपर्यंतची वाहिनी अरुंद असेल, तिच्यात क्षार साचलेले असतील किंवा काटकोनातले बेंड अकारण जास्त असतील तर उत्तम पंपही हतबल होतो. तिसरी गोष्ट कपॅसिटरची. मोटार वीजवाहिनीतून असा काही प्रवाह खेचते ज्याने काम होत नाही, पण वायर तापते आणि व्होल्टेज पडते. कपॅसिटर तो प्रवाह मोटारीजवळच पुरवतो. त्याची किंमत मोटारीच्या मानाने नगण्य असते. तो जळाला की पुन्हा बसवलाच जात नाही, हे मात्र फार ठिकाणी घडते.

मोटार जळाल्यावर रिवाइंडिंग करून ती पुन्हा चालू करणे हा गावोगावचा रिवाज आहे आणि अडचणीच्या वेळी त्याला पर्यायही नसतो. परंतु निष्काळजीपणे केलेल्या प्रत्येक रिवाइंडिंगमध्ये मोटारीची कार्यक्षमता थोडी घटते आणि ती घट साचत जाते. कितव्या रिवाइंडिंगनंतर मोटार बाद करायची हे आराखड्यात आधीच लिहून ठेवले तर ऐन उन्हाळ्यात, टँकर मागवायची वेळ आलेली असताना, तो निर्णय घाईने घ्यावा लागत नाही.

पथदिवे : दिव्याइतकेच बटणही महत्त्वाचे

केंद्र सरकारचा पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि घरगुती एलईडी बल्बची उजाला योजना, दोन्ही ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाल्या. त्यानंतर बहुतेक गावांत जुन्या ट्यूब जाऊन एलईडी आले आहेत, म्हणून ‘ते काम झाले’ असा समज असतो. हिशेब मात्र वेगळे सांगतो. जुन्या चोकची ४० वॅटची ट्यूब प्रत्यक्षात ५२ वॅटच्या आसपास घेते. रात्री ११ तास, म्हणजे वर्षाला सुमारे ४,००० तास जळून ती २०८ युनिट वापरते. तिच्या जागी आलेला २० वॅटचा एलईडी तेवढ्याच तासांत ८० युनिट घेतो. १०० दिव्यांमागे वर्षाला १२,८०० युनिट वाचतात, आणि इथवर सर्व ठीक आहे.

पण तोच एलईडी दिवसाही जळत राहिला तर वर्षाला १७५ युनिट घेतो, म्हणजे बचतीचा तीन-चतुर्थांश भाग वाहून जातो. भर दुपारी जळणारे पथदिवे आपण सर्वांनी पाहिले आहेत. पथदिव्यांसाठी खांबावरून वेगळी तार नसेल, किंवा ती असूनही बटण चालू-बंद करण्याची जबाबदारी कोणाचीच नसेल, तर असेच होते. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा स्वतः धरून चालणारा टायमर प्रत्येक स्विच पॉइंटवर बसवणे हा यावरचा स्वस्त उपाय आहे, पण वेगळी तार नसेल तर आधी ती ओढून घ्यावी लागते आणि त्यासाठी महावितरणच्या शाखा कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा लागतो. आराखड्यात दिव्यांच्या खरेदीच्या वर हे काम लिहिले पाहिजे.

पथदिव्यांची पाहणी रात्री आणि पायी करावी, आणि त्यात गावातल्या महिला असाव्यात. कुठल्या बोळात अंधार आहे, शौचालयाकडे किंवा एसटीच्या थांब्याकडे जाताना कुठे भीती वाटते, हे नकाशावरून समजत नाही. दलित वस्ती, पारधी वस्ती, गावठाणाबाहेरच्या वाड्या इथे दिवे कमी आणि बंद पडलेले जास्त, असे चित्र अनेक गावांत असते. मुख्य रस्त्यावर वाचलेल्या विजेचा काही भाग तिकडे नवे दिवे लावण्यासाठी वापरणे हा माझ्या मते न्यायाचा भाग आहे. एकूण युनिट त्यामुळे थोडे वाढले तरी ते आराखड्याचे अपयश मानू नये. हिशेबात ‘प्रति दिवा युनिट’ असा वेगळा रकाना ठेवला की प्रश्न उरत नाही.

घरे : जिथे गावाला विनंतीच करता येते

४०० घरांत सरासरी दोन पंखे धरले तर ८०० पंखे होतात. जुना छताचा पंखा पूर्ण वेगाला सुमारे ७५ वॅट घेतो, तर बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या) मोटारीचा पंखा ३० वॅटच्या आसपास. दिवसाला १० तास आणि वर्षाला २४० दिवस असा वापर धरला तर एका पंख्यामागे १०८ युनिट आणि गावात ८६,००० हून अधिक युनिट वाचतात. पंप आणि पथदिवे यांच्या एकत्रित बचतीच्या हे जवळजवळ चौपट आहे.

तरीही पंखे बदलत नाहीत, याची कारणे समजून घेतली पाहिजेत. नवा पंखा साध्या पंख्याच्या मानाने बराच महाग असतो, आणि चालू पंखा काढून टाकणे कोणाच्याही जिवावर येते. भाड्याच्या घरात पंखा मालकाचा आणि बिल भाडेकरूचे, म्हणून दोघांपैकी कोणीच खर्च करत नाही. घरगुती वापरात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो आणि १०१ ते ३०० युनिटांच्या टप्प्याचा दर बराच जास्त असतो, त्यामुळे महिन्याला १२० युनिट वापरणाऱ्या घराने दोन पंखे बदलले आणि पंखे रोज चालणाऱ्या महिन्यात वापर ९३ वर आला, तर त्याचे महागडे युनिट आधी वाचतात. ६० युनिट वापरणाऱ्या घराला हाच बदल तितका परवडत नाही. सरसकट सर्वांना एकच सल्ला देण्याऐवजी हा फरक घरोघरी समजावून सांगितला पाहिजे.

एकत्र खरेदीचा परिणाम काय होतो हे उजाला योजनेने देशाला दाखवले आहे. २०१४ मध्ये ३१० रुपयांच्या घरात असलेली एलईडी बल्बची घाऊक खरेदी किंमत दोन-तीन वर्षांत ४० रुपयांच्या खाली आली आणि ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. एका गावाची ताकद तेवढी नसते, पण दहा-बारा गावांच्या महिला बचत गटांच्या प्रभागसंघाने (एकत्रित संघाने) मिळून पंख्यांची मागणी नोंदवली तर विक्रेता भाव कमी करतो, आणि हप्ते बचत गटातून फिटतात. छताच्या पंख्यांवर २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचे आहे, त्यामुळे निवड करणेही आता सोपे झाले आहे.

वीज हा घरच्या ऊर्जेचा एक भाग झाला. अनेक घरांत आंघोळीचे पाणी अजून लाकडाच्या बंबावर तापते आणि गॅस असूनही भाकरी चुलीवर होते. पारंपरिक चुलीत लाकडाच्या उष्णतेपैकी साधारण दहावा भाग भांड्यापर्यंत पोहोचतो. उरलेली उष्णता आणि धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या वाट्याला येतात. त्या धुराचा हिशेब कोणत्याही बिलात उमटत नाही, म्हणून आराखड्यातून तो वगळला जातो. सुधारित चूल, प्रेशर कुकर आणि सौर वॉटर हीटर यांचा विचार इथे वीजबचतीचा म्हणून न करता आरोग्याचा म्हणून करावा.

विदर्भ-मराठवाड्यात पत्र्याची घरे आणि स्लॅबच्या शाळा उन्हाळ्यात भट्टीसारख्या तापतात. छताला बाहेरून चुन्याचा पांढरा थर दिला की ऊन परावर्तित होते आणि आतली उष्णता जाणवण्याइतकी उतरते. शाळा आणि अंगणवाड्यांपासून सुरुवात केली तर खर्च अगदी कमी येतो. चुना पावसात धुऊन जातो, म्हणून हे काम दरवर्षी मार्चमध्ये पुन्हा करावे लागते.

शेतीपंप

सर्वांत मोठा वापर इथेच आहे आणि सर्वांत अवघड गाठही इथेच आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने शेतीपंपांसाठीचा पहिला पथदर्शी प्रकल्प सोलापूर जिल्ह्यात घेतला. मंगळवेढा आणि पंढरपूर भागातील पाच फीडरवरच्या (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिन्यांवरच्या) २,२०९ पंपांची पाहणी झाली आणि कार्यक्षम पंप बसवले तर सुमारे ४० टक्के वीज वाचू शकते, असा अंदाज निघाला. म्हणजे बचतीची शक्यता वादातीत आहे. पण २०२४ पासून राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आहे. ज्याचे बिल शून्य आहे त्या शेतकऱ्याने स्वतःच्या खिशातून महागडा कार्यक्षम पंप का घ्यावा, हा प्रश्न रास्त आहे. वाचलेल्या विजेचा लाभ महावितरणला आणि शासनाच्या तिजोरीला होतो, खर्च मात्र शेतकऱ्याने करायचा.

म्हणून या भागात ‘बिल वाचेल’ असे सांगून उपयोग नाही. डीपीवर, म्हणजे शिवारातल्या रोहित्रावर, क्षमतेपेक्षा जास्त भार पडतो, व्होल्टेज उतरते, मोटारी जळतात आणि डीपीही जळतो. मग ऐन पाण्याच्या पाळीला आठ-दहा दिवस पीक उन्हात राहते. हे नुकसान शेतकऱ्याला पुरते ठाऊक आहे. एका डीपीवरच्या सर्व शेतकऱ्यांनी मिळून कपॅसिटर बसवले, वीज येताच सगळ्या मोटारी एकदम सुरू करणारे ऑटो स्विच काढून टाकले आणि पाळीने पंप चालवले तर डीपी टिकतो. ठिबकमुळे उपसा कमी होतो. पाणलोटाच्या कामामुळे विहिरीची पातळी दहा मीटरने वर आली तर प्रत्येक लिटरमागची वीज त्याच प्रमाणात घटते, म्हणून नाला खोलीकरण आणि बंधारे हेही ऊर्जेच्या आराखड्यात लिहिण्याजोगे काम आहे. मोठ्या प्रमाणावर पंप बदलण्याचा खर्च मात्र लाभ ज्यांचा आहे त्या यंत्रणांनीच उचलला पाहिजे, असे मला वाटते.

पैसा, जबाबदारी आणि नोंद

‘आमचा गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली प्रत्येक ग्रामपंचायत वार्षिक विकास आराखडा करते. ऊर्जेची कामे त्यात वेगळ्या शीर्षाखाली आली तरच त्यांना निधी मिळतो. वेगळी पुस्तिका छापली तर ती कपाटातच राहते. राज्याच्या माझी वसुंधरा अभियानात पंचतत्त्वांपैकी ‘अग्नी’ हे तत्त्व ऊर्जेशी जोडलेले आहे, त्यामुळे तिथली नोंदही याच माहितीतून होऊ शकते. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा आहे आणि त्याखाली महाराष्ट्रात महाऊर्जा ही नियुक्त संस्था आहे; ऊर्जा लेखापरीक्षणाबाबत मार्गदर्शन तिच्याकडे मागता येते. जवळचे तंत्रनिकेतन किंवा आयटीआय असेल तर तिथल्या विद्यार्थ्यांकडून पाहणी करून घेण्याने गावाला मदत होते आणि मुलांना खरे काम शिकायला मिळते.

हाताशी पैसा नसेल तर ऊर्जा सेवा कंपनीचा मार्ग असतो. कंपनी स्वतःच्या खर्चाने दिवे किंवा पंप बसवते आणि ठरलेली वर्षे बचतीतून आपली रक्कम घेते. हा करार करताना ‘पूर्वीचा वापर’ कोणता धरायचा यावर सारे अवलंबून असते. पूर्वीचे बिल सरासरीवर आलेले असेल, निम्मे दिवे बंद असताना मोजलेले असेल किंवा त्या वर्षी दुष्काळामुळे पंप चाललाच नसेल, तर बचतीचा आकडा खोटा ठरतो आणि वाद सुरू होतात. सुरुवातीला मीटर दुरुस्त करण्याचा आग्रह याचसाठी होता. बंद दिवा किती दिवसांत बदलायचा आणि न बदलल्यास किती रक्कम कापायची, हेही करारातच लिहावे.

वाचलेला पैसा सामान्य खर्चात मिसळला तर तो दिसेनासा होतो. त्यासाठी ग्रामसभेच्या ठरावाने वेगळा निधी ठेवावा आणि पुढच्या वर्षीचे टायमर, व्हॉल्व्ह, कपॅसिटर त्यातून घ्यावेत. पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडे एक वही द्यावी: रोजचे मीटर रीडिंग, पंप किती तास चालला, टाकी किती वेळा भरली. ‘हजार लिटरमागे किती युनिट’ हा एक आकडा त्या वहीतून दरमहा काढता येतो. नमुना गावात जुन्या संचाचा हा आकडा ०.५५ च्या आसपास येईल आणि नव्याचा ०.३०. तो हळूहळू वाढू लागला तर विहिरीची पातळी उतरली आहे, पाइपात अडथळा आहे किंवा इंपेलर झिजतो आहे, हे मोटार जळण्याच्या कितीतरी आधी कळते. ही वही लिहिणारा कर्मचारी गावाच्या साऱ्या आराखड्याचा आधार असतो आणि बहुधा तुटपुंज्या मानधनावर काम करत असतो. बचतीतला काही वाटा त्याच्या मानधनात जावा, असे मला मनापासून वाटते.

आता सौर पॅनल

हे सारे झाल्यावर पॅनलचा विचार करावा, आणि तेव्हा तो नक्की करावा. महाराष्ट्रात एक किलोवॅटचे पॅनल वर्षभराच्या सरासरीने रोज सुमारे ४ युनिट देते. नमुना गावाच्या जुन्या पंपाला रोज ६० युनिट लागत होते, म्हणजे १५ किलोवॅटचे पॅनल लागले असते. पंप बदलल्यावर ३३ युनिटांना ८ किलोवॅट पुरेसे होतात. किलोवॅटला ५० हजार रुपये धरले तर सुमारे साडेतीन लाखांचा फरक पडतो, आणि पंप बदलायला तर दीड लाखच लागले होते. आधी पॅनल बसवून नंतर पंप बदलणाऱ्या गावाचे निम्मे पॅनल गरजेपेक्षा जास्त ठरतात.

घरांच्या बाबतीतही हेच लागू पडते. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार रुपये आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचासाठी एकूण ७८ हजार रुपये अनुदान मिळते. पंखे, दिवे आणि जुना फ्रिज बदललेल्या घराला १ किलोवॅट पुरू शकतो, तिथे तेच घर जुन्या साधनांसह २ किलोवॅटचा अर्ज करते आणि अनुदान वजा जाता उरलेल्या रकमेसाठी कर्ज काढते. म्हणून अर्ज भरण्याआधी प्रत्येक घराच्या १२ महिन्यांच्या बिलांवर एकदा बसावे, कोणते साधन किती वीज घेते ते लिहावे, आणि साधने बदलल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांच्या वापरावरून किलोवॅटचा आकडा ठरवावा.